मागे गरम!

४ मार्च

दादा,

खुशाली विचारत नाही. तू खुशालच असणार. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले. फोन वाजून वाजून गप्प होतो. पत्र दारात पडून राहतं, आणि ते ओलांडायला निदान पाय तरी उचलावा लागतो.

ह्यांचा पुन्हा घोळणा फुटला. "त्यात काय, भट्टीचा घोळणा," असं म्हणू नकोस. मला माहीत आहे आपल्या कारखान्यात नळी फुंकणाऱ्या प्रत्येकाचा फुटतो. बाबांचा फुटायचा, तुझा फुटतो. कोरड्या धगीने नाक आतून तडकतं, मनगटाने पुसायचं आणि पुढचा काचेचा गोळा उचलायचा. पण हे गेले कित्येक महिने भट्टीजवळ फिरकलेले नाहीत. दुपारी घरात बसून बुटांना पॉलिश करत होते. बुटावर एक थेंब पडला. मला हसून म्हणाले, "बघ, भट्टी सोडली पण भट्टी मला सोडत नाही." वाक्य पुरं होईस्तोवर नळ सोडल्यासारखं रक्त आलं. मी नाक दाबलं तर तोंडातून यायला लागलं. आई पातेलं घेऊन धावली. पातेलं भरत आलं तशी ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि मी एका हाताने ह्यांना आणि एका हाताने तिला धरून शेजाऱ्यांना ओरडत होते.

इस्पितळात नाकात पुढून मागून बोळे ठासले, बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं. मग बोळे जरा सैल केले तर पुन्हा तेच. तेव्हा कुठे एक डॉक्टर म्हणाला, हे नाकाचं दुखणं नाही, डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढा.

चित्र काढलं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या ज्या डॉक्टरबाई आहेत त्यांनी मला समोर बसवून दाखवलं. मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी नाकाच्या मागे हाडांमधून जाते. तिथे तिची भिंत कधीतरी फाटली आहे आणि त्या जागी फुगा आलाय. फुग्याने शेजारचं हाड खाल्लं आणि तो नाकामागच्या पोकळीत उतरला. फुटतो तेव्हा रक्त नाकातून येतं. "डोक्याला मार लागला होता का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, "डावा डोळा कधी गेला?"

मी म्हटलं, दोन्ही एकाच दिवशी. मागच्या वर्षी कारखान्यात पाय घसरून पडले, तेव्हापासून त्या डोळ्याला दिसत नाही. त्या म्हणाल्या, नुसते पडले? कशावर? कुठल्या बाजूने? आधी काही लागलं का? मला काय माहीत? त्या वेळी तिथे तुम्ही दोघंच होतात. ह्यांना त्या दिवसातलं काही आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर तू जे सांगितलंस, तेवढंच ते अजून सांगतात.

तर आता तुझी गरज पडली आहे. बाई म्हणतात, मार नेमका कसा बसला हे कळल्याशिवाय पुढचा इलाज ठरत नाही. फुगा पुन्हा कधीही फुटेल आणि मग पातेलं आणायलाही वेळ मिळणार नाही. तू फोन करून एवढंच सांग.

तुझी बहीण

१५ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. किती ते लांबलचक! "सांगितलं होतं ना, पाय घसरला. इकडे कामाची फार गडबड आहे. दाजींची काळजी घे." कागदही तू अर्धा फाडून वापरलास. उरलेला अर्धा कोणासाठी ठेवलास?

काळजी घे म्हणतोस, तर काळजीचीच गोष्ट सांगते. पहिल्यांदा घोळणा फुटला तेव्हा ह्यांना नाकाच्या डॉक्टरांकडे तू घेऊन गेला होतास. मला म्हणालास, "तू आईजवळ थांब, मी आहे ना." मी अख्ख्या गल्लीला सांगत सुटले, भाऊ असावा तर असा. परवा त्या डॉक्टरांना भेटायला गेले. भांडायलाच गेले होते, खोटं का बोलू. म्हटलं, फुग्याचं तुम्हाला कसं कळलं नाही? ते बिचारे म्हणाले, "बाई, मी विचारलं होतं डोक्याला मार लागलाय का. पेशंटच्या तोंडात रक्त होतं, त्यांना बोलता येत नव्हतं. सोबतचे गृहस्थ म्हणाले, नाही. भट्टीवर सगळ्यांनाच होतं. मी बोळा बसवला आणि पाठवून दिलं."

सोबतचे गृहस्थ!

समज, खरंच पाय घसरला होता. घसरून गोळा लोळवायच्या लोखंडी पाटावर डोकं आपटलं, डोळा गेला. एवढं तरी तुला माहीत होतं ना? मग "नाही" कसं म्हणालास? घसरलेल्या माणसाचं डोकं फुटलं हे सांगायला कसली लाज? ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणतात. तू तर ताकाला गेलोच नव्हतो म्हणालास.

आणि त्यानंतर आठवड्याभरात तुला दूरच्या मोठ्या कारखान्यातली नोकरी लागली. भट्टीसमोरची उस्तादाची खुर्ची टाकून गेलास. जी खुर्ची बाबांनी तुला न देता जावयाला दिली म्हणून तू बाबांच्या शेवटच्या दिवसांतही त्यांच्याशी धड बोलला नाहीस, ती आयती मिळालेली खुर्ची! तेव्हा मला वाटलं, दादाला ह्यांच्याकडे बघवत नाही म्हणून गेला. ते खरंच होतं. का बघवत नाही, तेवढं कारण माझं चुकलं.

ह्यांनी खुर्ची का सोडली माहीत आहे ना? डोळ्यामुळे नाही. एका डोळ्याने काम करणारे उस्ताद आपण पाहिलेत. हे म्हणायचे, "ज्याला भट्टीसमोर स्वतःचा पाय सांभाळता येत नाही, त्याच्या हाताखाली चार माणसांनी विस्तव घेऊन का फिरावं?" रोज बूट उलटे करून तळवे बघायचे. नवे तळवे लावून आणले, तेही बघायचे. तू समोर बसून चहा प्यायचास आणि म्हणायचास, "होतं असं दाजी, वय झालं."

तुला तो बुटका आठवतो का? बाबांच्या वेळचा. आपल्याकडे खुर्चीवर बसलेला माणूस मागे बघत नाही. त्याच्या पाठीमागून तापलेली नळी घेऊन जाणाऱ्याने "मागे गरम!" अशी हाक द्यायची, हा एकच नियम बाबांनी भट्टीवर लिहून न ठेवता पाळायला लावला. बुटक्याने एकदा राग धरून हाक दिली नाही. कोणाला लागलं नाही, नुसती एकाची बाही जळाली. बाबांनी त्याला शिवी दिली नाही, कामावरून काढलं नाही. सगळ्यांना एवढंच सांगितलं, आजपासून ह्याच्यासाठी कोणी हाक देऊ नका. आपण दोघं खिडकीतून बघत होतो. तो दर पावलाला मान वळवत होता आणि आपल्याला हसू आवरत नव्हतं. काही दिवसांनी तो नळी भिंतीला टेकवून आपणहून निघून गेला.

असं का आठवलं कुणास ठाऊक. ह्यांच्या नाकातला बोळा अजून काढलेला नाही. काढायला डॉक्टरच घाबरतात. बाई रोज विचारतात, तुमच्या भावाचा फोन आला का? मी रोज काहीतरी सांगते. आता माझ्याकडची कारणं संपली.

तुझी बहीण

२३ मार्च

प्रिय दादा,

फोन करतोस म्हणालास. बरं वाटलं. शेवटी रक्ताचं नातं ते, उशिरा का होईना उसळतंच.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते? माझा मुलगा मनाने वाईट नाही." मग तुझ्या लहानपणच्या गोष्टी काढून बसली. उकळतं दूध घेऊन ती चुलीवरून वळायची आणि तू तिच्या पुढे पुढे "मागे गरम! मागे गरम!" ओरडत घरभर फिरायचास. मी रांगत असले तर मला बखोटीला धरून बाजूला करायचास. ते मला आठवत नाही, पण इतक्यांदा ऐकलंय की आठवतं असंच वाटतं.

खाली नंबर देते, त्यावर कर. गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. त्या वेळी डॉक्टरबाई मोकळ्या असतात. फोन मी उचलेन. त्या शेजारीच बसून ऐकतील. तू त्यांच्याशीच बोलतोयस असं समजून सगळं नीट सांग, आधीपासून. त्यांना भट्टीतलं काही कळत नाही, तेव्हा हाक म्हणजे काय, खुर्ची म्हणजे काय, तेही सांग. लाजू नकोस. डॉक्टरांपुढे आणि आईपुढे काय लपवायचं?

ठिणगी

(बाबांनी ठेवलेलं नाव तूच आता विसरला असशील म्हणून लिहिलं.)

२ एप्रिल

दादा,

तुझे तीन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. कसं वाटतं?

इलाज कसा झाला हे तुला विचारायचं असेल. सविस्तर सांगते, तू फार काळजीत होतास.

इलाज फेब्रुवारीतच झाला. मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्या सकाळी हे माझ्या समोर बसून वाटाणे सोलत होते आणि मला विचारत होते, "एवढं दात-ओठ खाऊन कोणाला लिहितेस?" मी म्हटलं, पाणीपट्टीची तक्रार.

आधी डॉक्टरबाईंचा विचार होता ती धमनीच कायमची बंद करायची. फुग्यात रक्तच गेलं नाही तर फुटणार काय? पण दुसऱ्या बाजूची धमनी सगळ्या मेंदूला पुरते का, ते आधी बघावं लागतं. म्हणून ह्यांना जागं ठेवून जांघेतून बारीक नळी थेट मानेपर्यंत नेली आणि तिच्या टोकाचा चिमुकला रबरी फुगा फुगवून धमनी थोडा वेळ अडवली. त्या वेळात पेशंटने हात वर धरायचा, बोटं हलवायची आणि बोलत राहायचं. बोलणं अडखळलं की समजायचं मेंदूला रक्त कमी पडतंय. बाई ह्यांना म्हणाल्या, "काहीही बोला. मनात येईल ते."

काय बोलले असतील? मी बाहेर होते, बाईंनी मला नंतर सांगितलं. बायको नाही, आई नाही, देव नाही. नाकात बोळे असलेला तो माणूस बोबडं बोबडं एकच सांगत राहिला: "फरशी ओली नव्हती. तेल सांडलेलं नव्हतं. बूट चांगले होते. मग माझा पाय घसरला कसा?" पुन्हा पहिल्यापासून, फरशी ओली नव्हती. मग शब्द जड झाले, उजवा हात खाली आला आणि त्यांनी घाईने फुगा सोडला. बाईंनी मला विचारलं, "ह्यांचा पाय एवढा महत्त्वाचा का आहे?"

मला त्या क्षणी तू समोर हवा होतास, दादा. तुझं काय केलं असतं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

धमनी बंद करता येत नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग घेतला. त्याच वाटेने जाऊन फुग्यात प्लॅटिनमच्या केसासारख्या तारांची वेटोळी भरली आणि धमनीच्या आतून बारीक जाळीची नळी बसवली, म्हणजे रक्त सरळ निघून जावं, फुग्यात शिरू नये. आणि मग काय दिलं असेल? रक्त पातळ करायच्या गोळ्या! ज्याचं रक्त थांबत नव्हतं त्याला! मी बाईंशी भांडायला उभी राहिले. त्यांनी शांतपणे सांगितलं की नवी जाळी असते तिथे रक्त गोठून बसलं तर वरचा मेंदू जातो. एकीकडे आड, एकीकडे विहीर. त्या मधल्या कठड्यावरून त्यांनी ह्यांना चालवत आणलं.

बोळा काढायच्या दिवशी इस्पितळातले नाकाचे डॉक्टर, बाई, दोन नर्सेस, रक्ताच्या बाटल्या, सगळे तयार. मी दारात. शेवटची पट्टी निघाली. काही नाही. आणि मग हे शिंकले. दादा, त्या खोलीत एकाचाही श्वास चालू नव्हता. ह्यांनी मनगटाने नाक पुसलं, मनगट बघितलं आणि म्हणाले, "कोरडं आहे." बाई खाली स्टुलावर बसल्या आणि हसायलाच लागल्या.

हे मी तुला तेव्हाच कळवलं असतं. मलाही ते सांगायला कोणीतरी हवंच होतं. पण घरी आल्यावर भट्टीत कोळसा घालणारे काका ह्यांना बघायला आले. हे त्यांनाही तेच विचारायला लागले, फरशी ओली होती का हो काका? काका उठून बाहेर अंगणात गेले. मी मागोमाग गेले. ते म्हणाले, "पोरी, मी त्या दिवशी भट्टीच्या मागे होतो. पडल्याचा आवाज आला. हाक आली नव्हती. तुझा भाऊ म्हणाला पाय घसरला, मी म्हटलं असेल. पण नळी घेऊन कोणी चाललं नव्हतं, तर मग काचेचा गोळा फरशीवर कुठून आला?"

तेव्हापासून मला माहीत होतं. पण काका म्हणाले, मी म्हणाले, त्याला काय अर्थ? ह्यांचा तुझ्यावर माझ्याहून जास्त विश्वास. माझं ऐकून म्हणाले असते, भावाबद्दल असं बोलू नये. ते तुझ्या तोंडून यायला हवं होतं. आणि तू खरं कधी बोलतोस? फटका चुकवायचा असेल तेव्हा. म्हणून मी तुला डॉक्टर आणून दिली.

गुरुवारी तू ज्या नंबरवर बोललास तो इस्पितळाचा नव्हता. आपल्या कारखान्यात नवा घेतलाय. फोन मी लोखंडी पाटावर ठेवला होता, त्याच पाटावर, आणि आवाज मोठा केला होता. तू मध्येच विचारलंस, "मागे घरघर कसली?" मी म्हटलं, मशीन आहे. ती भट्टी होती. स्वतःच्या भट्टीचा आवाज ओळखला नाहीस.

सुट्टी होती, सगळे डबे उघडून भोवती बसले होते. काका होते. आई होती. आणि हे खुर्चीवर बसले होते, मीच आणून बसवलेले, भट्टीकडे तोंड करून, पूर्वीसारखे.

तू छान बोललास. कधी नव्हे ते सगळं सांगितलंस. "डॉक्टर, ते घसरले नव्हते. सकाळी त्यांनी माझी बरणी सगळ्यांसमोर फोडली होती, तोंड वाकडं म्हणून. मी गोळा घेऊन त्यांच्या मागून गेलो. आमच्यात हाक द्यायची असते. मी दिली नाही. मला वाटलं, जरा चटका बसू दे. त्यांना धग लागली, ते उठून वळले, नळी भुवईवर बसली आणि ते पाटावर जाऊन आपटले." मी विचारलं, मग नाकाच्या डॉक्टरांना "नाही" का म्हणालास? "मार म्हटलं असतं तर कसा लागला विचारलं असतं. मग सगळंच सांगावं लागलं असतं."

आणि शेवटी तू म्हणालास, "आता होईल ना इलाज?" ते ऐकून मला रडू आलं. खोटं सांगत नाही. पण तसलं रडू फार टिकत नाही.

फोन मी बंद केला. कोणी जेवत नव्हतं. हे खुर्चीवरून उठले नाहीत. खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या, पुन्हा घट्ट बांधल्या. मग म्हणाले, "म्हणजे मी घसरलो नव्हतो."

एवढंच. तुझ्याबद्दल एक शब्द नाही. वर्षभर ज्या पायाला शिव्या दिल्या तो पाय त्यांनी फरशीवर दोनदा आपटून पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून कामावर येतात. डोळा परत येणार नाही. फुंकायला डॉक्टरबाईंनी मनाई केली आहे. फुंकतात दुसरे, घडवतात हे. काल कारखान्यातून माझ्याकडे कडा घासायला आलेल्या बरण्यांची तोंडं मी मुद्दाम उन्हात धरून पाहिली. सरळ होती.

ठिणगी

१९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं. यावेळी पूर्ण कागद, दोन्ही बाजूंनी. आधी मला फसवी म्हटलंयस, मग माफी मागितलीयस, मग पुन्हा फसवी. एका बाजूला एक असं तरी लिहायचंस.

फसवलं, कबूल. गरज होती तेव्हा डॉक्टरांनी तुला विचारलं तर "नाही" म्हणालास, आणि गरज संपल्यावर भडाभडा बोललास. ह्यात माझा काय दोष? डॉक्टरबाईंना तर तुझ्या उत्तराची जरूरच नव्हती. त्यांना चित्रात जुनं तडकलेलं हाड दिसत होतं.

पोलिसांत गेलीस का, असं तीनदा विचारलंयस. नाही गेले आणि जाणारही नाही. पोलिसांना काय सांगू? साहेब, ह्या माणसाने हाक दिली नाही? ते मला पाणी पाजून घरी पाठवतील. तुझा गुन्हा कळायला भट्टीसमोर पाठ करून बसलेलं असावं लागतं. नाकाच्या डॉक्टरांकडचा तुझा दुसरा गुन्हाही तोच. ह्यांच्या पाठीमागे तापलेलं काहीतरी येत होतं, तुला एकट्याला दिसत होतं आणि तू गप्प राहिलास. पहिल्या वेळी निदान राग होता. दुसऱ्या वेळी ह्यांच्या तोंडातून रक्त वाहत होतं आणि तू स्वतःची कातडी वाचवत होतास. चटका मी एक वेळ विसरेन. ते "नाही" विसरणार नाही.

हे म्हणतात, जाऊ दे. त्यांनी म्हणावं, त्यांना शोभतं. मला शोभत नाही.

तू लिहितोस की तिकडे येत्या महिन्यात तुला उस्तादाची खुर्ची मिळणार आहे, तेव्हा "हे सगळं आपल्या घरातच राहू दे". झाकली मूठ! तुझी मूठ झाकायला आम्ही वर्षभर हात दिले. त्याच हातांनी मला ह्यांचं नाक दाबावं लागलं.

काका तिकडे येऊन गेले. तुला भेटले नाहीत. तुमच्या भट्टीवरच्या थोरल्या उस्तादाला भेटले. दोघं तरुणपणी एकाच भट्टीवर होते, हे तुला कशाला माहीत असेल? तू म्हाताऱ्यांशी कधी बोललास? काकांनी भांडण केलं नाही, तुला काढा म्हणाले नाहीत. काय झालं ते सांगितलं, चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसले. थोरल्यांनी एवढंच विचारलं म्हणे, "हाक दिली नाही? जाणूनबुजून?" काका म्हणाले, "त्याच्याच तोंडून ऐकलंय."

आईने त्या गुरुवारी तुझ्याच तोंडून सगळं ऐकलं. घरी आल्यावर वाटलं होतं, तुझी बाजू घेईल. मला तिच्याशी भांडायचंही होतं, मी तयारीत होते. तिने ओट्याकडे वळून दूध उतरवलं. मग म्हणाली, "ती हाक मी शिकवली होती त्याला. दूध सांडून तुझ्या अंगावर येऊ नये म्हणून."  नंतर जेवण वाढायला भांडं घेऊन माझ्या मागून आली तेव्हा सवयीने म्हणाली, "मागे गरम." आणि तिथेच थांबली. भांडं मी तिच्या हातातून घेतलं.

हे पत्र तुला संध्याकाळी घरी मिळेल. उद्या कामावर जा. अवश्य जा, घाबरू नकोस. कोणी तुला वाकडं बोलणार नाही. चहा देतील. थोरले उस्ताद तब्येत विचारतील. तुला खुर्चीवर बस म्हणालेच तर बस, भट्टीकडे तोंड करून, बाबांसारखा. तुला ती किती वर्षं हवी होती.

मग तुझ्या पाठीला धग लागेल. कोणीतरी गोळा घेऊन मागून जात असेल.

हाकेची वाट बघ.

ठिणगी